पोटात काय ठेवावं, कुणाला सांगावं

विधी सेवा केंद्रात, बचत गटात, अंगणवाडीत लोकांची दुखणी सर्वांत आधी ऐकणाऱ्यांसाठी

समजा, वसमत तालुक्यातली एक सासुरवाशीण आठवडी बाजाराचं निमित्त काढून विधी सेवा समितीच्या कार्यालयात आली आहे. वडील वारले. माहेरचं हळदीचं शेत आहे आणि भावांनी तिला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं आहे. सही केली नाही तर काय होईल, एवढंच तिला विचारायचं आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, हे कोणताही वकील तिला पाच मिनिटांत समजावून देईल. पण त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला, "वकिलाकडे गेली होतीस म्हणे?", तर त्या पाच मिनिटांचं मोल संपतं. तिने विचार करायच्या आतच दबाव सुरू होतो. पुढे त्या गावची दुसरी कुणी बाई कार्यालयाची पायरी चढायला धजत नाही.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे पाच तालुके, २०११ च्या जनगणनेत ११,७७,३४५ माणसं. एवढ्या मुलखात वकील, तलाठी, झेरॉक्सवाला आणि पक्षकार यांची सोयरीक नाही तर ओळख निघतेच. मोठ्या शहरात माणसाला गर्दी झाकून टाकते. इथे झाकायचं काम आपल्याला करावं लागतं. ते कसं करायचं, यासाठी हा लेख.

कायदा नेमकं कुणाचं तोंड बांधतो

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम १३२ नुसार पक्षकाराने वकिलाला कामाच्या निमित्ताने सांगितलेली गोष्ट, दाखवलेला कागद किंवा वकिलाने त्याला दिलेला सल्ला पक्षकाराच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही. प्रकरण संपलं, वकील बदलला, तरी हे बंधन सुटत नाही. वकिलाचा दुभाषी, कारकून आणि कर्मचारी यांनाही ते लागू आहे. कलम १३४ पक्षकाराच्या बाजूने बोलतं: वकिलाशी झालेलं खासगी बोलणं उघड करण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. तो स्वतःच साक्षीदार म्हणून पुढे आला, तर मात्र त्याची साक्ष समजण्यासाठी आवश्यक तेवढं सांगायला न्यायालय लावू शकतं.

या बंधनाला अपवाद आहेत. पक्षकार म्हणाला, "माझ्या हातून बनावट दस्त झाला, आता मला वाचवा," तर ते बोलणं संरक्षित आहे. झालेल्या गुन्ह्याचा बचाव करून घेणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. पण तो म्हणाला, "हे बनावट हक्कसोडपत्र घ्या आणि याच्या जोरावर मला जमिनीचा ताबा मिळवून द्या," तर त्या बोलण्याला संरक्षण नाही. पुढे करायच्या बेकायदा कामासाठी वकिलाला हाताशी धरलेलं कायद्याला चालत नाही. वकिली सुरू झाल्यानंतर घडलेला गुन्हा किंवा फसवणूक वकिलाच्या नजरेस पडली, तर तीही या संरक्षणाबाहेर राहते.

आता आपल्यासारख्यांकडे येऊ. विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक, ज्यांना आता 'अधिकार मित्र' म्हणतात, तसंच आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटाच्या अध्यक्षा आणि संस्थांचे कार्यकर्ते यांचा कलम १३२ मध्ये नाव घेऊन उल्लेख नाही. उद्या कुणी आपल्याला साक्षीला बोलावलं, तर वकिलाइतकी भक्कम ढाल आपल्या हाती असेल, असं गृहीत धरू नका. त्यातून एक साधा नियम निघतो. घटनेचा सगळा तपशील वकिलासमोर निघू द्या. माणूस कोण, अडचण कोणत्या प्रकारची, तातडी किती आणि वकिलाची भेट कधी, एवढंच आपण विचारावं आणि एवढंच लिहावं. आपुलकीपोटी आपण खोदून खोदून विचारतो. पण आपल्या वहीत उतरलेलं प्रत्येक वाक्य पुढे कुणाच्या हाती पडेल, याची खात्री आपल्याला देता येत नाही.

तिने तोंड उघडण्याआधी

समोरचा माणूस रडायला लागला की आपण धीर द्यायला म्हणून बोलून जातो, "काही काळजी करू नका, कुणालाही कळणार नाही." हे वचन देऊ नका, कारण ते प्रत्येक वेळी पाळता येत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी आधी स्पष्ट सांगा.

पहिली: "तुम्ही इथे आलात, हेसुद्धा मी कुणाला सांगणार नाही." पुष्कळांना वाटतं, की प्रकरणातला मजकूर तेवढा गुप्त. आपल्या गावगाड्यात कोर्टाची पायरी चढल्याची बातमीच पुरेशी असते.

दुसरी: "दुसऱ्या कुणाला काही सांगायची गरज पडली, तर आधी तुम्हाला विचारेन."

तिसरी: "लहान मुलावर अत्याचार झाला असेल किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मला काही ठिकाणी कळवावं लागेल." हे आधी सांगितलं, की किती बोलायचं ते त्या माणसाला ठरवता येतं.

मग लगेच एक प्रश्न विचारा: समोरची बाजू कुणाची? नाव, गाव, नातं. कहाणी त्यानंतर. तालुक्यात वकील मोजके असतात. त्याच वकिलाने तिच्या भावाला याच शेताबद्दल सल्ला दिलेला असेल, तर त्याने तिचं एक अक्षरही ऐकता कामा नये. एका बाजूला सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात समोरच्या बाजूचं काम घ्यायला बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम मनाई करतात. अशा वेळी प्राधिकरणाकडून दुसरा पॅनल वकील मागून घ्यावा. नवरा-बायको दोघंही एकाच केंद्रात मदत मागायला आले, तर दोघांचे वकील, दोघांच्या फायली आणि भेटीचे दिवसही वेगळे ठेवा.

बातमी फुटते त्या जागा

मुद्दाम चहाडी करणारे थोडेच असतात. बहुतेक गोष्टी हलगर्जीपणामुळे बाहेर पडतात. आपल्या केंद्रातल्या या जागा एकदा डोळ्यांखालून घाला.

टेबलावरची नोंदवही: सही करताना प्रत्येकाला वरची दहा नावं दिसतात, शेजारच्या रकान्यात 'नवऱ्याची मारहाण' असं लिहिलेलंही दिसतं. दर्शनी वहीत फक्त क्रमांक आणि तारीख ठेवा. नाव आणि विषयाची वही कपाटात, कुलपात.

बसायची जागा: एका खोलीत तीन टेबलं असतील तर निदान एक कोपरा, व्हरांड्याचं टोक किंवा झाडाखालचे दोन स्टूल बोलण्यासाठी राखून ठेवा. सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवा, मग तो भाऊ असो, दीर असो की गाडी करून आणणारा पुढारी. "आमच्याकडे पहिल्यांदा एकेकट्यानेच बोलायची पद्धत आहे," असं सरसकट सगळ्यांना सांगितलं, की कुणाला वावगं वाटत नाही.

दुभाषी: तांड्यावरची आजी गोरमाटीतच मोकळी होते, कुणी दखनी उर्दूत. तेव्हा आपण हाताशी असलेल्या कुणाला तरी दुभाषी बनवतो. तो तिच्याच तांड्याचा असेल, तर तिला विचारल्याशिवाय बसवू नका. तिच्या मुलाला तर कधीच नको. आईने जे बाहेर काढायला वर्षं घालवली, ते दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून वदवून घेणं दोघांवरही अन्याय आहे.

टायपिंग आणि झेरॉक्स: कोर्टाबाहेरच्या डीटीपीच्या दुकानात अर्ज टाइप होतो आणि तिथल्या संगणकात राहून जातो. पुढचा गिऱ्हाईक आपला अर्ज टाइप करून घेताना स्क्रीनवर तिच्या नावाची फाइल वाचतो. चुकलेल्या प्रिंट रद्दीत जातात आणि रद्दी भज्यांच्या पुड्यांत. म्हणून टाइप करून घेणारा माणूस कागद छापून हाती येईपर्यंत तिथेच थांबावा. फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन संगणकातून, रिसायकल बिनमधूनही, पुसायला लावावी. बिघडलेले कागद सोबत आणून फाडावेत. आधारची प्रत हवीच असेल, तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार चालतं का, ते आधी विचारा.

फोन: पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात असतो. नंबर लिहून घेतानाच विचारा: हा फोन कुणाकडे असतो? कोणत्या वेळी केलेला चालेल? मेसेज टाकू का? दुसऱ्या कुणी उचलला तर काय करू? दुसऱ्याने उचलला तर केंद्राचं नाव न घेता ठेवून देणं बरं. कित्येक फोनमध्ये ट्रूकॉलर असतो आणि आपला नंबर लोकांनी 'विधी सेवा' म्हणून जतन केलेला असेल, तर घंटी वाजताच ते नाव झळकतं. तिनेच ठरल्या वेळी मैत्रिणीच्या फोनवरून मिस्ड कॉल द्यावा, ही व्यवस्था अधिक सुरक्षित.

पत्ता: कार्यालयाचा शिक्का असलेलं पाकीट सासरच्या दारात पडलं, की सगळं उघडं. पत्र कुठे पाठवायचं, की ती स्वतः येऊन घेणार, हे पहिल्याच भेटीत ठरवा.

आपला स्वतःचा फोन: कागदांचे काढलेले फोटो गॅलरीत पडून राहतात. घरचं पोर गेम खेळता खेळता ते बघतं. काम झाल्याबरोबर फोटो पुसा, फोनला लॉक लावा आणि प्रकरणावरची चर्चा व्हॉट्सॲप गटात करू नका. कायदेविषयक शिबिराचे फोटो गटावर टाकताना मदत मागायला आलेल्यांचे चेहरे त्यात नसावेत. व्यासपीठाचा फोटो अहवालाला पुरतो.

मुळात कमी माहिती घेतली, की कमी सांभाळावी लागते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तरीही सवयीने उत्पन्नाचा दाखला मागितला, की त्या बाईला तलाठ्याकडे आणि तहसीलला जावं लागतं आणि "कशाला हवाय दाखला?" याचं उत्तर दोन ठिकाणी द्यावं लागतं. जो कागद कायद्याने लागत नाही, तो मागू नका.

माहिती द्यायची वेळ येते तेव्हा

सगळं पोटात ठेवूनही काम होत नाही. वकिलाला माहिती हवी, प्राधिकरणाच्या सचिवांना हवी, कौटुंबिक हिंसाचारात संरक्षण अधिकाऱ्याला हवी, कधी सखी वन स्टॉप सेंटरला तर कधी डॉक्टरला. दर ठिकाणी बाईला तीच कहाणी पुन्हा सांगायला लावणंही क्रूरपणाचं. म्हणून माहिती द्यावीच लागते. ती तिच्या होकाराने द्यावी आणि लागेल तेवढीच द्यावी.

होकार घेताना चार गोष्टी सांगा: काय सांगणार, कुणाला, कशासाठी आणि तिथून ते पुढे कुणाकडे जाईल. "माझी सर्व माहिती कुणालाही देण्यास हरकत नाही" असा छापील कागद पुढे सरकवून सही घेणं म्हणजे होकार नव्हे. दोन ओळी तिच्या भाषेत लिहा, वाचून दाखवा, मग सही किंवा अंगठा घ्या. मत बदललं तर ती केव्हाही नाही म्हणू शकते, हेही सांगा. पोलिसांकडे नको, पण डॉक्टरकडे चालेल, असं ती म्हणू शकते. तिने निवडून दिलेला होकार तेवढाच मानायचा.

देतानाही गाळून द्या. तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार हवा असेल, तर गट क्रमांक पुरतो. बहीण-भावांच्या वादाचा तिथे उच्चार कशाला? डॉक्टरला जखम कशी झाली ते कळायला हवं, जमिनीचा वाटा कळायला नको. एचआयव्हीबद्दल तर विशेष जपा. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करायला तो मनाई करतो. पोटगीच्या अर्जाच्या फायलीत तो रिपोर्ट सहज लावून टाकू नका; लागेल का, ते वकिलाला विचारा.

आणि तिला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगा. दावा दाखल झाला, की सगळं आपल्या हाती राहत नाही. समोरच्याला नोटीस जाते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने प्रकरण शोधता येतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १६ नुसार सुनावणी बंद दाराआड घेता येते. ती हवी असेल तर वकिलाकडून मागून घ्यावी. कधी, किती आणि कसं उघड होणार हे आधी माहीत असलं, की बाई घरी तयारी करून ठेवते. कागद सुरक्षित जागी हलवते, विश्वासातल्या माणसाला सांगून ठेवते.

"काय प्रकरण आहे?" विचारणारे

ज्यांनी पाठवलं, त्यांना आपला हक्क आहे असं वाटतं. सरपंच विचारतात, पोलीस पाटील विचारतात. २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाल्यापासून गावोगावी समित्या झाल्या, त्यांचे अध्यक्षही "गावातच मिटवू" म्हणत विचारतात. हेतू पुष्कळदा चांगला असतो. तरी उत्तर सगळ्यांना एकच असू द्या: "इथे कोण येतं, कोण नाही, हे आम्ही कुणालाच सांगत नाही. उद्या तुमच्या घरचं कुणी आलं, तरी हाच नियम." ओळखीच्या माणसाला एकदा अपवाद केला, की पुढच्याला नकार देता येत नाही.

पोलीस चौकशीला आले तर घाबरू नका आणि खोटंही बोलू नका. "लेखी पत्र द्या, मी प्राधिकरणाच्या सचिवांकडे आणि वकिलांकडे देते," असं सांगा आणि कागद जागच्या जागी ठेवा. वकिलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाच्या निकालात, नियम घालून दिले. पक्षकाराच्या प्रकरणाचे तपशील काढण्यासाठी तपास अधिकाऱ्याला वकिलाला समन्स धाडता येत नाही. कलम १३२ च्या अपवादात बाब बसत असेल, तर तो अपवाद समन्समध्ये नमूद करावा लागतो आणि पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागते. न्यायालयाचा आदेश किंवा समन्स आपल्या नावाने आलं, तर ते टाळू नये. त्याच दिवशी वकिलाला दाखवावं.

वार्ताहर विचारतात तेव्हा भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लक्षात ठेवा. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाव गाळून गाव, वय, शाळा आणि वडिलांचा धंदा छापला, तर पंचक्रोशीत कुणाची ओळख लपते? व्हॉट्सॲपवर 'न्याय मिळालाच पाहिजे' म्हणत फोटो फिरवणाऱ्यालाही हे समजावून सांगा.

जिथे गप्प बसता येत नाही

अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची शक्यता दिसली, तर पोक्सो कायदा, २०१२ चं कलम १९ कोणत्याही व्यक्तीला ते पोलिसांना कळवायला बांधतं. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. "घराण्याची अब्रू जाईल" या विनवणीपुढे इथे मान तुकवता येत नाही. पण कळवायचं ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला, गावाला नव्हे. मदतीला १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे. त्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. पोलिसांत तक्रार दिली आणि मग शाळेत, बचत गटात चर्चा केली, तर आपण एक कायदा पाळून दुसरा मोडला.

खुनासारख्या काही गंभीर गुन्ह्यांची किंवा त्यांच्या बेताची माहिती असलेल्या व्यक्तीने, सबळ कारण नसेल तर, ती कळवावी असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३ सांगतं. कुणी जीव द्यायचं किंवा घ्यायचं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. आधी त्याच्याशीच बोला, कुणाला बोलवू ते विचारा. ११२ वर मदत आणि १४४१६ वर मानसिक आरोग्याचा सल्ला मिळतो. अशा वेळी सांगायचं ते फक्त मदत करू शकणाऱ्याला आणि जीव वाचण्यापुरतं. कुणाला, कधी, काय सांगितलं, याची दोन ओळींची नोंद ठेवा.

सल्ला घ्यायला जाणाऱ्यांनो

तुम्हीही विचारा: इथे कोण कोण ऐकतंय? माझा कागद कुठे राहील? माझ्या समोरच्याची बाजू तुम्ही घेतली आहे का? मूळ कागद देऊ नका, प्रत द्या. मूळ द्यावाच लागला तर पोचपावती घ्या. वकिलापासून मात्र काही लपवू नका. अडचणीची गोष्ट समोरच्या बाजूने भर कोर्टात काढण्यापेक्षा तुमच्या वकिलाला आधी कळलेली बरी. जायला निमित्त सापडत नसेल, तर १५१०० हा विधी सेवेचा फोन आहे. बोलायला मात्र सुरक्षित जागा निवडा. आणि कुणी तुमची गोष्ट फोडली, तर गप्प बसू नका. पॅनल वकील किंवा अधिकार मित्राबद्दल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करता येते. वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडेही जाता येतं.

शेवटी त्या वसमतच्या बहिणीकडे वळू. पहिल्या भेटीत ती कदाचित अर्धंच सांगेल. हक्कसोडपत्राचं बोलेल, भावाने धमकावल्याचं गिळून टाकेल. तिला घरी जाऊ द्या. आठवडा जाईल, गावात कुठेच कुजबुज नाही, भावाचा फोन नाही, असं तिच्या लक्षात येईल. मग पुढच्या बाजाराला ती पुन्हा येईल. या वेळी पदराखाली सातबारा असेल, वडिलांच्या मृत्यूचा दाखला असेल. खुर्ची जरा पुढे ओढून ती म्हणेल, "ताई, मागच्या वेळी एक सांगायचं राहिलं होतं."

तिचं काम खऱ्या अर्थाने त्या वाक्यापासून सुरू होतं.